सेटचा एक्केचाळिसावा अर्थ

माझं अक्षर मी कुठंही ओळखते. म्हणूनच त्या गुरुवारी निजामोद्दीनचाचांच्या झेरॉक्सच्या दुकानाची पायरी चढले आणि तिथंच थबकले. एका अनोळखी माणसाच्या हातात माझ्या हातचं पान होतं.

पान माझं, अक्षराचं वळण माझं, समासात काढलेली दह्याची वाटी माझी. कोपऱ्यात तेवढा तेलाचा पिवळा डाग होता, तो माझा नव्हता.

"एकतीस काढा, चाचा," तो म्हणाला. "वाटी नीट उठली पायजे बरं का. ती वाटी लई कामाची हाय."

एकतीस! एकट्या माणसाला एकतीस झेरॉक्स कशाला लागतात?

मी ओढणी सावरत त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मशीनचा उजेड त्याच्या चेहऱ्यावरून सरकत होता, आणि दर वेळी बाहेर आलेलं पान बघून तो स्वतःशीच हसत होता. हसणं चांगलं होतं. म्हणजे तेव्हा मला ते मुळीच आवडलं नव्हतं… पण चांगलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

"कसल्या नोट्स आहेत हो?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"इंग्लिशच्या. 'सेट' म्हणून एक शब्द हाय बघा. एवढासा शब्द, पण मॅडमनी त्याचे एकोणचाळीस अर्थ काढलेत. एकोणचाळीस! दही लागलं तरी सेट, सूर्य बुडाला तरी सेट. हाडवैद्यानं हाड बसवलं तरी सेट, आन् बांगड्यांचा डबाभर जोड घेतला तरी सेटच."

"कोण मॅडम?"

"डी. जी. मॅडम. शेषेराव सरांच्या क्लासच्या. तुमी न्हाई ओळखत?"

"नाव ऐकलंय. खडूस आहेत म्हणे."

"असतील. वयानं मोठ्या असतील ना," तो म्हणाला. "पण ज्या बाईनं दह्याच्या वाटीवरून इंग्लिश शिकवलं, ती खडूस असली तरी चालंल."

मला हसू आलं, ते मी दाबून टाकलं. "तुम्ही शिकवता कुठं?"

"मी? न्हाई, न्हाई… मी एमपीएससीची तयारी करून राहिलो. चाकूरहून येतो."

"चाकूरला झेरॉक्स नाही?"

"हाय की. पण पानं लई काळी निघतात."

"आणि एमपीएससीला एकतीस प्रती लागतात?"

त्यानं मान खाली घातली. "हरवतात हो… मला सवय हाय हरवायची."

इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी लातुरात पाहिला नव्हता. त्याच्या उजव्या बाहीवर खडूची लांब पांढरी रेघ होती.

मी दानम्मा गुंडप्पा बिराजदार. डी. जी. मॅडम ती मीच. दानम्मा हे नाव पोरांना जुन्या काळचं वाटतं, म्हणून मीच ते दोन अक्षरांमागं लपवलं होतं. वय पंचवीस, एम.ए. इंग्लिश. शेषेराव सरांच्या क्लासला बारावीला इंग्रजी शिकवायची. तेव्हा लातुरात इंग्रजीला कोण विचारत होतं! गावोगावचे बाप पोराचा हात धरून यायचे आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी एवढीच नावं घ्यायचे. पोरगं डॉक्टर झालं पाहिजे. आणि मग तेच पोरगं इंग्रजीच्या साध्या शब्दाला अडखळायचं, कारण गावात पाचवीपासून इंग्रजी नुसतं फळ्यावरून उतरवून घेतलेलं असायचं.

म्हणून मी लहान लहान शब्द घ्यायला लागले. 'गेट', 'टेक', 'रन'… आणि सगळ्यात अवघड हा 'सेट'. प्रत्येक अर्थाला आपल्याकडचं वाक्य द्यायचं, शेजारी चित्र काढायचं. गजर लावणं, पेपर काढणं, काँक्रीट धरणं, सापळा लावणं. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून विचारायचा, "मॅडम, अमक्याची पोरगी सेट झाली म्हणतात, तो कितवा अर्थ?" अख्खा वर्ग हसायचा. "तो पेपरात येत नाही," मी म्हणायचे.

काँक्रीटचं चित्र काढताना मात्र माझा हात जड व्हायचा. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात माझी अक्का गेली. आता तिथं पुनर्वसनाची घरं आहेत, सरळ रेषेत, नंबर घातलेली. त्या दिवसांत पांढऱ्या गाडीतून एक माणूस आला होता, फार गोड बोलणारा. मला पुण्याच्या वसतिगृहात घालतो म्हणून माझ्या वडिलांकडून, अप्पांकडून, माझे सगळे कागद घेऊन गेला, तो आजतागायत आलेला नाही. माझं एक वर्ष वाया गेलं. तेव्हापासून गोड बोलणाऱ्या माणसाच्या हातात माझा कागद दिसला की माझ्या अंगावर काटा येतो.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा दुकानात होता. मीही होते… योगायोगानं. म्हणजे मी तासभर आधीपासून तिथं होते.

"अरे, तुमी!" तो म्हणाला. "तुमचंबी झेरॉक्सचंच काम दिसतंय."

मी काही बोलणार तेवढ्यात चाचांनी माझं बाड बांधून पुढं केलं. "दानम्मा बेटी, ये तुम्हारे नोट्स. डेढसौ पानं, गिनके घेना. सर लोगां को बोलना, मशीन गरम होती, जरा सबर करो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, बाडाकडं पाहिलं, वरच्या पानावरच्या अक्षराकडं पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झालेला पुरुष मी पहिल्यांदा बघितला.

"तुमीच… डी. जी.?"

"खडूस," मी म्हटलं. "वयानं मोठ्या."

"मॅडम, मला आता इथून पळून जाता आलं तर बरं हुईल."

"आधी हे सांगा, माझं पान तुमच्याकडं कसं आलं?"

"एका विद्यार्थिनीकडून… म्हणजे ओळखीच्या मुलीकडून." त्यानं जीभ चावली. "नाव न्हाई सांगणार मी. तिला तरास हुईल."

नाव न सांगण्याचा तो हट्ट मला मनातून आवडला, आणि म्हणूनच माझा संशय आणखी वाढला. त्याचं स्वतःचं नाव मात्र त्यानं लगेच सांगितलं. भागवत. मूळचा अर्धापूरचा, घरची केळीची बाग.

मग गुरुवार मागून गुरुवार गेले. दुकानाबाहेरच्या बाकड्यावर आम्ही बसायचो, मध्ये कोऱ्या कागदाचे दोन गठ्ठे ठेवून. चाचा न विचारता दोन चहा सांगायचे आणि आमच्याकडं पाठ करून मशीन पुसत बसायचे. इतकी पुसलेली मशीन अख्ख्या लातुरात नसेल.

"मॅडम, एक अर्थ तुमचा राहिलाय," एकदा तो म्हणाला.

"माझा? शक्य नाही."

"आमच्या केळीला कमळ येतं, म्हणजे केळफूल, मग फळ धरतं. त्या फळ धरण्यालाबी सेटच म्हणतात. कृषी विद्यापीठाचा माणूस आला होता बागेत, तो सारखा म्हणायचा, फ्रूट सेट चांगला हाय, फ्रूट सेट चांगला हाय. अप्पा… म्हणजे माझे वडील त्याला म्हणाले, बाबा, टीव्हीचा सेट नीट कर आधी."

मी हसले, मान डोलावली, आणि त्याच दुपारी कॉलेजच्या वाचनालयात जाऊन तीन डिक्शनऱ्या काढल्या. तिन्हींत तो अर्थ होता. तो चाळिसावा अर्थ झाला. चित्रात मी केळीचा घड काढला, आणि काढताना उगाचच दोन केळी जास्त काढली.

गुरुवारी मी निळा ड्रेस घालायला लागले होते. आरशासमोर मी स्वतःलाच पकडलं. 'दानम्मा,' म्हटलं, 'हा माणूस तुझ्यासाठी येतो की तुझ्या नोट्ससाठी, हे ठरल्याशिवाय निळा ड्रेस बंद.' पण ठरवायचं कसं? तो खोटं बोलत होता हे मला माहीत होतं. बाहीवरचा खडू कधी गेला नव्हता. पानांवर दर वेळी तेलाचे डाग असायचे. एकदा तर मी त्याचं पान चोरून हुंगलं. आंब्याच्या लोणच्याचा वास आला. ह्या लोणच्याचं कोडं मला काही केल्या सुटेना.

फेब्रुवारीत शेषेराव सरांनी ऑफिसात बोलावलं. मी त्यांची अकरावीपासूनची विद्यार्थिनी, त्यामुळं ते मला एकेरीच बोलायचे.

"दानम्मा, चाकूरकडचा एक बाप आला होता. म्हणतो, पोराला बाकी सगळे विषय द्या, इंग्लिश नको. इंग्लिशच्या नोट्स तिकडंच मिळायला लागल्यात म्हणे. कुणीतरी आपल्या नोट्सवर चाकूरला क्लास काढलाय."

चाकूर. मला त्या एकतीस झेरॉक्स आठवल्या.

"नोट्स बाहेर गेल्या म्हणजे एकतर कुणी नेल्या, न्हाईतर तू दिल्या," सर म्हणाले. "बोर्डाच्या पेपरापर्यंत चोर दाखव मला. न्हाईतर जूनपासून इंग्लिशची बॅच बंद."

बॅच बंद म्हणजे मी गावी. गावी म्हणजे निलंग्याचं स्थळ. अप्पांनी ते उन्हाळ्यापर्यंत थांबवून धरलं होतं, ते केवळ मी नोकरीला होते म्हणून. मुलाचं भुसार दुकान होतं आणि मुलाच्या आईला शिकलेली सून हवी होती, शिकवणारी नको होती.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, डोकं थंड ठेवून मी सापळा लावला. नोट्सचं शेवटचं पान वर्गात द्यायचं होतं, त्यात चाळीस अर्थ. त्या पानाची मी आणखी एक प्रत लिहिली, एकाच माणसासाठी. तिच्यात खाली एक अर्थ जास्त घातला, पदरचा. एक्केचाळीस: सेट म्हणजे रुसणे. वाक्य दिलं, 'ही सेट ऑन मी', म्हणजे तो माझ्यावर रुसला. चाकूरच्या क्लासात रुसणं शिकवलं गेलं की माझा चोर पक्का.

गुरुवारी मी ते पान स्वतःच्या हातानं भागवतला दिलं. आधी कधी मी त्याला काही दिलं नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी घेतलं.

"रुसणं?" तो वाचून म्हणाला. "खरंच?"

"का? माझ्यावर विश्वास नाही?" इतका निर्लज्जपणा माझ्यात कुठून आला, कोण जाणे.

"तसं न्हाई हो… हा तर सगळ्यात भारी हाय." त्यानं पान घडी करून खिशात ठेवलं. "मॅडम, आज तुमी बोलून न्हाई राहिल्या माझ्याशी. तुमीबी सेट का?"

मी चहा तसाच टाकून उठले. रस्ता ओलांडेपर्यंत मला रडू फुटलं होतं.

इंग्रजीचा पेपर पुढच्या शुक्रवारी. बुधवारी सकाळी उजळणीच्या तासाआधी साक्षी माझ्यापुढं येऊन उभी राहिली. साक्षी ही पहिल्या बाकावरची हुशार पोर, चाकूरच्या पुढच्या एका गावातली, इथं मुलींच्या वसतिगृहात राहायची. हातात जेवणाचा डबा.

"मॅडम, हा अन्याव हाय. आमाला चाळीस अर्थ दिले, आन् आमच्या गावाकडं एक्केचाळीस गेलेत. मैत्रिणीची चिठ्ठी आलीय डब्यात. सेट म्हणजे रुसणं म्हणे."

"तुमच्या गावाकडं कसे गेले?"

तिनं तोंडावर हात ठेवला. मग डोळ्यांत पाणी आणून सगळं सांगून टाकलं.

लातुरात शिकणाऱ्या पोरांचे डबे गावाहून येतात, हे सांगायला नको. सकाळच्या एस.ट्यांतून शेकड्यांनी डबे उतरतात, झाकणावर रंगानं नाव आणि गाव लिहिलेलं. दुपारच्या गाडीनं रिकामे डबे परत. रिकामा डबा रिकामाच जात असेल अशी माझी समजूत. साक्षी दर आठवड्याला माझं पान घडी करून त्यात घालत होती, लोणच्याच्या वाटीखाली. वसतिगृहात बापाशिवाय कुणाला भेटू देत नाहीत, मग दुसरा मार्ग कुठला?

"कुणाला पाठवत होतीस?"

"आमच्या भागवत सरांना. गावच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवतात. कॉलेजला अनुदान न्हाई, सहा वर्षं झाली, सरांना पगार न्हाई. क्लास लावणं कुणालाच जमत न्हाई तिथं. एकतीस पोरं हायत, मॅडम… तुमच्या नोट्स पाठ करतात सगळी."

एकतीस.

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. तो क्लासवाला नव्हता! मग राग आला, खोटं बोलला म्हणून. आणि मग लक्षात आलं. एकतीस पोरं परवा बोर्डाच्या पेपरात सेट म्हणजे रुसणे लिहून येणार होती. माझ्यामुळं. एका मार्कानं इंग्रजीत नापास होऊन वर्ष वाया गेलेली पोरं मी डोळ्यांनी पाहिली होती.

"गावात फोन?"

"रेशनच्या दुकानात हाय. आठ दिवस झाले बंद पडलाय."

जिन्यात शेषेराव सर आडवे आले. "कुठं निघालीस? वर दोनशे पोरं बसलीत."

"सर, एक चूक दुरुस्त करून येते. दुपारपर्यंत परत."

"आज गेलीस तर जूनमध्ये येऊ नको."

मी खाली उतरले.

चाकूरच्या स्टँडवर गाडी सोडली आणि पुढच्या जीपची वाट बघत उभी राहिले. समोरच झेरॉक्सचं दुकान होतं. राहवलं नाही. पर्समधून दह्याच्या वाटीचं पान काढलं आणि म्हटलं, एक काढा. पान बाहेर आलं ते लख्ख. वाटीची कडसुद्धा स्वच्छ उठली होती.

"काळी पानं निघतात म्हणे तुमच्याकडं," मी म्हटलं.

दुकानदाराला ते लागलं. "कोण म्हणतं? दिवाळीत नवी मशीन आणली, मॅडम. अख्खा तालुका इथंच येतो."

मी ते पान हातात घेऊन उभी राहिले. माझ्या नोट्स त्याला घरपोच मिळत होत्या, डब्यातून. झेरॉक्स इथं निघत होती. मग दर गुरुवारी तासभर एस.टी.त बसून हा माणूस लातूरला कशासाठी येत होता? उत्तर माझ्यासमोर होतं, आणि मला हवं तेच होतं. तरी माझा त्याच्यावर विश्वास बसेना. जीपवाल्यानं दोनदा हाक मारली तेव्हा मी भानावर आले.

कॉलेज म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. लांबूनच पोरांचा आवाज आला.

"सेट म्हणजे?"

"रुसणे!"

दारात पोचले. फळ्यावर त्याच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, 'डी. जी. मॅडम इज सेट ऑन मी.' त्यानं मागं वळून पाहिलं आणि त्याच्या हातातला खडू खाली पडला.

"मॅडम…"

मी त्याच्याकडं न बघता पोरांकडं बघितलं. "पोरांनो, एक्केचाळिसावा अर्थ खोडून टाका. तो खोटा आहे. इंग्रजीत असा अर्थ नाही. मी मुद्दाम घातला होता, तुमच्या सरांना पकडायला. मला वाटलं, ते चोर आहेत. चूक माझी आहे."

सगळी पोरं सरांकडं बघायला लागली. मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हळूच विचारलं, "आन् चाळिसावा, मॅडम? फळ धरण्याचा?"

"तो खरा आहे. तुमच्या सरांनीच दिलेला आहे."

एकतीस वह्या उघडल्या आणि खोडल्याचा आवाज पत्र्याखाली घुमला. मी प्रत्येकाची वही बघितली. एकानं नुसती रेघ मारली होती, त्याला पुरतं गिरवून खोडायला लावलं.

तास संपल्यावर आम्ही बाहेर लिंबाच्या सावलीत आलो. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मला जरा शंका आलती," तो म्हणाला. "चाकूरच्या वाचनालयात जाड डिक्शनरी हाय. ती काढून बघितली. दोनदा. रुसणं न्हाई सापडलं."

"मग शिकवलं कशाला?"

"म्हटलं, डिक्शनरीवाल्यांकडनं राहिलं आसंल. आमच्या केळीचं तुमच्याकडनं राहिलं होतं की न्हाई? मॅडमनी सोता लिहिलंय म्हणजे आसंल." तो ओशाळून हसला. "चूक माझीबी हायच. पोरांच्या पेपराचा प्रश्न होता. पण तुमी खोटं लिहाल, हे डोक्यातच आलं न्हाई माझ्या."

त्यानं सांगितलेला खरा अर्थ मी त्याच दुपारी तीन डिक्शनऱ्यांत तपासला होता. आणि माझा खोटा अर्थ डिक्शनरीत नव्हता, तर त्यानं डिक्शनरी चुकीची धरली होती. मला इतकी लाज वाटली की पदर असता तर तोंडावर घेतला असता. ओढणीनं भागवलं.

"रडू नका हो…" तो घाबरला. "पोरं खिडकीतून बघून राहिलीत."

"बघू देत. तुम्ही मला खोटं का सांगितलं? एमपीएससी, हरवणाऱ्या प्रती…"

"भ्यालो. तुमी नोट्स बंद केल्या असत्या तर ह्या पोरांनी काय वाचलं असतं?"

मी डोळे पुसले आणि पर्समधून मघाचं पान काढून त्याच्यासमोर धरलं. "चाकूरला झेरॉक्स चांगली निघते."

त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. "निघते."

"मग लातूरला का येत होता?"

"पहिल्यांदा आलो तवा चाकूरला लाईट नव्हती. खरंच, शपथ."

"आणि दुसऱ्यांदा?"

त्यानं लिंबाच्या खोडाकडं बघत उत्तर दिलं. "दुसऱ्यांदा… लाईट होती."

वाऱ्यानं लिंबाचा वाळका पाला आमच्या दोघांच्या अंगावर पडत होता. मला दुसरीकडं कुठं जावंसं वाटत नव्हतं.

परतीच्या गाडीत तो माझ्याबरोबर निघाला. मी नको म्हटलं तरी ऐकेना. "सरांना माझं नाव सांगा. चोर सापडला म्हणा, तुमची नोकरी वाचंल. मला पगारच न्हाई, माझं कोण काय कापणार?"

पण मला माहीत होतं काय कापलं जाईल. सरांची एक तक्रार त्याच्या संस्थेकडं गेली की सहा वर्षं फुकट. यंदा ना उद्या अनुदान येईल म्हणून तो ज्या जागेला चिकटून होता, ती जागा जाईल. आणि नाव नाही सांगितलं तर माझी जाईल. लातूर येईपर्यंत आमच्या दोघांमध्ये माझी पर्स होती, आणि मी खिडकीबाहेर बघत निलंग्याच्या भुसार दुकानाचा विचार करत होते.

क्लासच्या पटांगणात, बोर्डात आलेल्या पोरांच्या फोटोंचा मोठा फलक आहे, तिथं मी त्याला उभं केलं. "इथंच थांबा. आत यायचं नाही." पर्स त्याच्याकडं दिली, हात मोकळे असावेत म्हणून. कशासाठी ते मलाही कळत नव्हतं.

शेषेराव सर खुर्चीतच होते. "आलीस? चोर सापडला?"

"सापडला, सर."

"नाव?"

"दानम्मा गुंडप्पा बिराजदार."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चाकूरकडच्या एका कॉलेजात एकतीस पोरं आहेत," मी म्हटलं. "नोट्स तिथं जातात. फुकट जातात. मला आजच कळलं, पण इथून पुढं मीच पाठवणार आहे. त्या मी लिहिल्यात, सर. जूनपासून मी येणार नाही, तेही मला मान्य आहे."

मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. थकल्यासारखे बसून राहिले. "दानम्मा, शंभरदा विचार केल्याशिवाय पाऊल न टाकणारी पोरगी तू. एवढी चांगली नोकरी घालवलीस. तुला त्यातनं मिळालं काय?"

खिडकीतून पटांगण दिसत होतं. उन्हात भागवत उभा होता. बाहीवर खडू, आणि माझी लाल पर्स छातीपासून वीतभर लांब, दोन्ही हातांनी अशी धरलेली की जणू तिच्यात काही सांडेल.

"ते बाहेर उभे आहेत, सर," मी म्हटलं. "माझी पर्स धरून."

सर उठले. खिडकीशी गेले. बाहेर बघितलं. "गुंडप्पाला काय सांगशील?"

"हेच सांगेन."

"ऐकायचा न्हाई तो सहजासहजी."

"मीही त्यांचीच मुलगी आहे, सर."

मी बाहेर आले. माझ्या चेहऱ्याकडं बघून तो दोन पावलं पुढं आला. "काय म्हणाले? माझं नाव सांगितलं ना?"

"नाही. नोकरी गेली."

"अरे देवा… आन् तुमी हसून राहिल्या?"

फलकावरच्या साठ-सत्तर फोटोंसमोर, दुसऱ्या बॅचची पोरं सायकली लावत असताना, मी त्याच्या हातातून माझी पर्स काढून घेतली आणि त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

"तुम्ही मला आवडता. तपासून घेतलंय मी."